आधी लिव्हरचे क्लिअरन्स आणा, मग बघू

सांधे सुजवणारा आमवात आणि यकृताला होणारा हिपॅटायटिस बी या विषाणूचा संसर्ग हे दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, याची दखल घ्यायला आपल्याकडे कोणी तयार आहे का, असा माझा संतप्त सवाल आहे. माझ्या थोरल्या बहिणीला हे दोन्ही आजार आहेत. सांध्यांचे डॉक्टर तिच्या यकृताला हात लावत नाहीत, यकृताचे डॉक्टर तिच्या सांध्यांविषयी बोलत नाहीत, आणि या दोघांमध्ये फाईल घेऊन हेलपाटे घालण्याचे काम आम्हा घरच्यांकडे आले आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी सांधे धरले की माणूस हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. ताईही तिथेच गेली आणि तिला वेदनाशामक गोळ्यांबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले. ते देण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आहे का हे सांगणारी एचबीएसएजीची साधी रक्ततपासणी करून घ्यावी, असे तिथे कोणालाही सुचले नाही, आणि हे आठवले की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे दबून राहू शकतो आणि त्याला दाबून ठेवते ती शरीराची प्रतिकारशक्ती. आमवाताची बहुतेक औषधे मात्र नेमकी तीच प्रतिकारशक्ती कमी करतात. त्यामुळे विषाणूवर लक्ष न ठेवता दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्तीच्या ठराविक भागावर नेम धरणारी बायोलॉजिक औषधे दिली, तर तो पुन्हा उसळू शकतो आणि क्वचित यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. रिटुक्सिमॅब या बायोलॉजिक औषधाच्या बाबतीत तर हा धोका इतका गंभीर आहे की अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये त्यासंबंधीचा सर्वांत कडक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत छापायला लावला.

पुढे एका खासगी प्रयोगशाळेत विषाणूचे निदान झाले आणि आम्ही रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे जाऊ लागलो. अपॉइंटमेंट मिळायला आठवडे लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण या विषयाचे तज्ज्ञ मुळातच कमी आहेत आणि तेही मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत. माझी तक्रार पुढे जे घडते त्याबद्दल आहे. डॉक्टरांनी बोटांचे सांधे दाबून पाहिले, आमवाताच्या अँटी-सीसीपी या रक्ततपासणीचा रिपोर्ट वाचला, मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध लिहायला पेन उचलले, हिपॅटायटिसचा कागद दिसताच पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "आधी लिव्हरचे क्लिअरन्स आणा, मग बघू." आम्ही त्याच शहरातल्या यकृततज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी यकृत किती कडक झाले आहे ते मोजणारा फायब्रोस्कॅन केला, दुसऱ्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट चालणार नाहीत म्हणून तेच रक्त पुन्हा तपासायला लावले आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एवढेच लिहिले की यकृताच्या दृष्टीने हरकत नाही, पुढील निर्णय संधिवाततज्ज्ञांनी घ्यावा. कोणत्या औषधाला हरकत नाही, विषाणूची गोळी सुरू करायची की नाही, याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते. चिठ्ठी परत नेल्यावर संधिवाततज्ज्ञ म्हणाले की यावर मी औषध देऊ शकत नाही, नीट लिहून आणा.

या टोलवाटोलवीत ताईची सकाळ कशी जाते, हे दोघांपैकी एकानेही विचारलेले नाही. उठल्यावर तास-दीड तास तिची बोटे मिटत नाहीत, कुकरचे झाकण तिला लावता येत नाही आणि ब्लाउजचे हुक लावायला मुलीला हाक मारावी लागते. आमवात क्लिअरन्ससाठी थांबत नाही. सांध्यातली झीज एकदा झाली की ती भरून येत नाही. वर, हा हिपॅटायटिस कुठून झाला आणि तुम्ही काही घेता का, असे प्रश्न तिला भरल्या वेटिंग रूममध्ये सगळ्यांसमोर विचारले गेले आहेत.

सर्वांत जास्त चीड याची येते की मार्ग माहीत आहे. रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजायचे, गरज असेल तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर ही विषाणूची गोळी आधी सुरू करायची आणि त्याच्या संरक्षणाखाली सांध्यांचे औषध द्यायचे. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड यकृताला त्रास देऊ शकतात, म्हणून त्यांच्याऐवजी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासॅलाझिन या सांध्यांच्याच औषधांचा विचार करता येतो. २०१८ च्या २८ जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून विषाणूची औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात, आणि हेही आम्हाला त्या दोघांपैकी कोणी सांगितले नाही. ते आम्हाला एका औषध दुकानदाराकडून कळले.

दोन्ही डॉक्टरांचे दूरध्वनी क्रमांक त्यांच्या लेटरहेडवर ठसठशीत छापलेले आहेत. त्यांनी एकमेकांना एक फोन करावा आणि एका कागदावर स्पष्ट लिहून द्यावे की कोणते औषध कधी सुरू करायचे, विषाणूची गोळी त्याच्या किती आधी घ्यायची, रक्त किती दिवसांनी तपासायचे आणि यकृताला इजा झाल्याचे दाखवणारे रक्तातले एसजीपीटी वाढले तर दोघांपैकी कोणाला कळवायचे. हे मागणे अवास्तव वाटत असेल तर तसे आम्हाला तोंडावर सांगा, आम्ही दुसरा दरवाजा ठोठावू. पण अर्धवट चिठ्ठी हातात देऊन त्या बाईला पुन्हा रात्रभराच्या प्रवासाला लावू नका.