वासराची हगवण : "पुस्तकी सल्ला" म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा नमस्कार,

तुमची कमेंट परवाच वाचली, पण दोन ओळीत भागणारं उत्तर नव्हतं म्हणून थांबलो आणि आता वेगळी पोस्टच टाकतोय. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमधे मी लिहिलेलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यातल्या वासराला हगवण लागली की बऱ्याचदा ती रोटा किंवा कोरोना व्हायरसची असते, अँटिबायोटिकने व्हायरस मरत नाही, दूध तोडू नका आणि ओआरएसचं पाणी भरपूर पाजा. त्यावर सांगोल्याकडचे हे दादा म्हणतात की आमच्याकडे हगवण लागली की आधी दूध बंद करतात, डाळिंबाची साल उकळून पाजतात, नाहीच थांबली तर तिसऱ्या दिवशी डॉक्टर इंजेक्शन करतात आणि दुसऱ्या दिवशी वासरू उभं, मग अँटिबायोटिक चालत नाही कसं म्हणता? शिवाय ओआरएसच्या पुडीचं पाणी पाजूनही एक खोंड गेलंच. आणि शेवटी "कोरोनाचं नाव घेऊन लोकांना घाबरवू नका, सगळं पुस्तकी आहे."

पुस्तकी म्हणलात त्याचं काही वाटत नाही, पुस्तक वाचूनच डॉक्टर झालोय आणि नंतर गोठ्यातच उभा आहे. पण इंजेक्शनचा मुद्दा तुमचा एकट्याचा नाही, निम्म्या गावाचा आहे, म्हणून तो आधी घेतो.

हगवण लागली पहिल्या दिवशी, दोन दिवस घरगुती उपाय, तिसऱ्या दिवशी डॉक्टर, चौथ्या दिवशी शेण घट्ट. आता रोटाव्हायरस आतड्यात नेमकं काय करतो ते बघा. आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलच्या धाग्यांसारखी बारीक लव असते, दूध पचवायचं आणि पाणी ओढून घ्यायचं काम तिचं. व्हायरस त्या लवेची टोकं खातो. मग दुधातली साखर पचत नाही, ती तशीच पुढं सरकते आणि जाताना अंगातलं पाणी ओढून घेऊन जाते, ती तुमची पिवळी पातळ हगवण. पण ही लव खालून सतत नवीन येत असते, वासरू तग धरून राहिलं तर साधारण चार-पाच दिवसात ती आपली आपण भरायला लागते. म्हणजे तुम्ही डॉक्टर बोलावता तो दिवस आणि आजार उतरायला लागतो तो दिवस जवळपास एकच येतो, आणि श्रेय जातं सुईला. आणि दुसरी गोष्ट, डॉक्टरांनी त्या दिवशी नुसतं इंजेक्शनच केलं का? सलाईन लावलं नव्हतं? आठवून बघा. माझा अंदाज आहे की बाटली टांगलेली होती आणि वासरू उभं राहिलं ते त्या बाटलीमुळं.

याचा अर्थ अँटिबायोटिक कधीच नको असा होत नाही, आणि मागच्या पोस्टमधेही मी तसं म्हणलं नव्हतं. जन्मल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसात पांढरी, पाण्यासारखी हगवण असेल तर ई. कोलाय हा बॅक्टेरिया असू शकतो. ताप आहे, वासरू मलूल पडलंय, शेणात रक्त आहे, नाळ सुजलीय, तर बॅक्टेरिया रक्तात उतरलेला असू शकतो आणि तिथं डॉक्टर अँटिबायोटिक देणारच, द्यायलाच पाहिजे. पाचव्या दिवसापासून पुढं रोटा, कोरोना आणि क्रिप्टो नावाचा परजीवी, ह्यांचा जोर असतो आणि ह्या तिघांवर ते नेहमीचं इंजेक्शन काही करत नाही. तीन आठवड्यांच्या पुढं रक्ती हगवण लागली तर कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी बघायचा. म्हणून मला फोन आला की माझा पहिला प्रश्न "वासरू किती दिवसांचं" हा असतो, लोकांना वाटतं डॉक्टर उगाच चौकशा करतोय. माझा राग आहे तो मेडिकलमधून स्वतःच आणून घातलेल्या गोळ्यांवर, त्यातही माणसांच्या हगवण थांबवायच्या गोळ्यांवर. त्याने आतडं हलायचं थांबतं, हगवण बाहेर दिसत नाही, पण पाणी आतड्यात साचतच राहतं आणि घाणही आतच. मालक खूश, वासराचं पोट फुगलेलं.

डाळिंबाची साल तुरट असते, त्याने शेण जरा बांधल्यासारखं दिसतं, थोडी दिली तर मी भांडणार नाही. पण ती दिली म्हणून पाणी पाजायचं राहिलं असेल तर मात्र भांडेन. कारण वासरू व्हायरसने मरत नाही, ते सुकून मरतं, अंगातलं पाणी आणि मीठ जातं, रक्तात आम्लता वाढते आणि मग हृदय बसतं. 30 किलोच्या वासराचं 3 लिटर पाणी कमी झालं की ते आडवं पडायच्या बेताला येतं, आणि जोराची हगवण असली तर एवढं पाणी जायला एखादा दिवस पुरतो.

आता दूध तोडायचं. दूध चालू ठेवलं की शेण जास्त पातळ दिसतं हे तुमचं निरीक्षण खरं आहे, न पचलेली साखर खाली जातेच. पण हिशोब बघा, एक लिटर ओआरएसमधे ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, म्हणजे 54 कॅलरी. एक लिटर दुधात 600 च्या वर. दिवसभरात चार लिटर पुडीचं पाणी पाजलं तरी अर्ध्या लिटर दुधाएवढंसुद्धा पोटात गेलं नाही, आणि एवढ्याशा वासराच्या अंगावर चरबी असते किती? दोन दिवस दूध तोडलं की शेण घट्ट दिसतं कारण आत काही जातच नाहीये, आणि तिकडं लव भरून यायला जे लागतं तेही मिळत नाही. त्यामुळं दूध चालू ठेवायचं, एका वेळी थोडं द्यायचं, दोनाच्या ऐवजी तीन-चार वेळा द्यायचं. ओआरएस मधल्या वेळेत, दुधापासून दोनेक तास लांब, कारण त्यातल्या सायट्रेट नावाच्या क्षारामुळं दूध पोटात नीट फाटत नाही. आणि दुधात कालवून तर अजिबात नाही.

खोंड गेलं त्याबद्दल. दादा, वाईट वाटलं, आणि मी ते बघितलेलं नाही त्यामुळं नेमकं कशानं गेलं हे इथं बसून सांगणार नाही. पण तुम्हीच लिहिलंय की "पडून होतं, डोळे आत गेलेले, बाटलीने पाजत होतो". अशा वेळी काय बघायचं ते सांगतो, पुढं कामाला येईल. मानेवरची कातडी चिमटीत धरायची, जरा पिळायची आणि सोडायची. चांगल्या वासराची लगेच बसते, दोन-तीन सेकंद तशीच उभी राहिली तर पाणी कमी आहे. डोळा आणि खालची पापणी यात काडी मावेल एवढी फट दिसायला लागली तर बरंच कमी आहे. मग तोंडात बोट घालायचं. तोंड गरम आहे आणि बोट ओढून चोखतंय, तर पाजून भागेल. तोंड गार लागलं, चोखतच नाही, तर तोंडावाटे पाजायची वेळ निघून गेलेली असते, आतडं ते पाणी घेत नाही आणि बाटलीने ओतलेलं अर्धं फुफ्फुसात जातं, ठसका लागतो आणि वरून न्यूमोनिया. तिथं शिरेतून सलाईनच, तेही त्यात आम्लता उतरवायला सोडा बायकार्ब किती घालायचा ते डॉक्टर ठरवणार. म्हणून पुडी पहिल्याच पातळ शेणाला काढायची, वासरू पायावर असताना, तिसऱ्या दिवसाची वाट बघत नाही बसायचं.

आणि पुडी कालवताना पण लोक घोळ घालतात. मोठी पुडी एक लिटरची, छोटी 200 मिलीची, पाकिटावर लिहिलेलं असतं. "पावडर जरा कडक करू" म्हणून अर्ध्या लिटरमधे मोठी पुडी टाकली की ते पाणी उलट आतड्यातून पाणी ओढतं आणि हगवण वाढते. टेट्रापॅकमधलं गोड पेय चालत नाही. पाणी कोमट, एका वेळी दीड-दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा, निपलच्या बाटलीतून, त्याचं त्याला चोखू द्यायचं. मीठ-साखरेचं पाणी पाजायची हीच पद्धत 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या माणसांवर वापरली होती, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या म्हणून, आणि त्यात हजारो माणसं वाचली. तेव्हाही बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना हे खुळचटच वाटलेलं.

आता कोरोना. गायींचा कोरोनाव्हायरस 1970 च्या दशकापासून माहीत आहे, 2020 च्या साथीचा तो व्हायरस वेगळा, हा वेगळा, गोठ्यात मास्क लावायला मी कुणाला सांगितलेलं नाही. थंडीत हा जास्त दिसतो, मोठ्या गायींनाही लागतो. रोटा तर त्याच्याही आधी, 1969 साली अमेरिकेत नेब्रास्काच्या वासरांमधे सापडला, माणसांच्या पोरांमधे नंतर 1973 ला ऑस्ट्रेलियात. आणि "विदेशी आजार" म्हणत असाल तर आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची पोरांना पाजायची रोटासील ही लस गायीच्या रोटाव्हायरसवरच बेतलेली आहे. तेव्हा नात्याने हा आजार घरातलाच म्हणायचा.

खरं भांडण मला वेगळ्याच गोष्टीवर करायचंय आणि त्यावर तुम्ही कमेंटमधे एक शब्द लिहिला नाही, ते म्हणजे चीक, व्याल्यावरचं पहिलं दूध. गायीची वार (व्याल्यावर मागून पडते ती) वासराला पोटात असताना रोगप्रतिकारक शक्ती देतच नाही, ती सगळी चिकातून येते, आणि ती रक्तात शिरायचं आतड्याचं दार पहिल्या काही तासानंतर बंद व्हायला लागतं, 24 तासात पुरतं बंद. आपल्याकडं काय चालतं? "वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही." वार पडायला आठ-दहा तास सहज लागतात, तोवर वासरू कोरडं आणि गोठ्यातलं शेण चाटतंय. उलट वासरू सडाला लागलं की गर्भपिशवी आकसते आणि वार पडायला मदतच होते. पहिल्या दोन तासात दीड लिटर तरी, आणि बारा तासाच्या आत वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 30 किलोला 3 लिटर. खरवस करा हो, मलाही आवडतो, पण वासराचं भागल्यावर. आणि रोटासाठी अजून एक, चिकातली शक्ती नुसती रक्तात जाऊन उपयोग नाही, आतड्यात व्हायरसशी गाठ पडायला ती रोज पोटात असावी लागते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं चीकदूध डेअरीला जात नाहीच तर ते ओतून न देता फ्रिजमधे ठेवा आणि पुढचे काही दिवस थोडं थोडं दुधात घाला.

"खोंडासाठी एवढं कोण करतो" हे तुम्ही लिहिलंय ते मी वाचलं. संकरित खोंडाला गिऱ्हाईक नाही, 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तर नाहीच, हे मला माहितीय आणि तुम्हाला शहाणपण शिकवत नाही. फक्त एवढं बघा की ते खोंड हगतं तिथंच शेजारी तुमची कालवड बांधलेली असते आणि रोटा शेणात महिनोन्महिने जिवंत राहतो. आजारी वासरू वेगळं बांधा, त्याला सगळ्यात शेवटी दूध पाजा, आणि हात साबणाने धुऊन मगच घरातल्या पोराला घ्या, कारण क्रिप्टो माणसांनाही लागतो. शेण खरवडून काढल्याशिवाय नुसतं फिनेल शिंपडून काही होत नाही, आधी खरवडा, धुवा, कोरडं होऊ द्या, मग चुना आणि ऊन.

तुमच्याकडं पंढरपुरी म्हशी पण आहेत म्हणता, तर रेडकाचं वेगळं. पोट सुटलेलं, मातकट घाण वासाची हगवण, अंगावर केस उभे, वय तीन-चार आठवडे, तर आधी जंत बघा, हे जंत आईच्या दुधातूनच येतात. दहाव्या दिवसाच्या आसपास जंताचं पहिलं औषध डॉक्टरांकडून वजनावर घ्या.

पुढच्या महिन्यात दुसरी गाय विणार आहे म्हणालात. तिला हगवण झालेल्या वासराच्या त्या जागी विऊ देऊ नका, शेडच्या दुसऱ्या टोकाला कोरडी जागा करा, नाळेला लावायला टिंचर आयोडीन आणि ओआरएसच्या सात-आठ पुड्या आणून ठेवा. व्याली की दोन तासाच्या आत चीक, वार पडो न पडो.