ऑडिओ मासिकांचे रिव्ह्यू खरंच विकलेले असतात का?

‘स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरसारखी यंत्रं तपासणाऱ्या ऑडिओ मासिकातला प्रत्येक चांगला रिव्ह्यू जाहिरातीच्या पैशाने विकत घेतलेला असतो’ असं सर्रास सांगितलं जातं. हे जसंच्या तसं खरं नाही. म्हणून मासिकं नि:पक्ष ठरतात, असंही नाही.

पाकीट देऊन लिहून घ्यायची गरजच सहसा पडत नाही. यंत्र कंपनीकडून उसनं येतं, कोणतं तपासायचं ते संपादक ठरवतो आणि सुमार माल बहुतेकदा पानांपर्यंत पोहोचतच नाही. वर समीक्षकांना यंत्रं सवलतीत विकायची या धंद्यातली जुनी रीत आहेच. मग झोडपून काढलेला रिव्ह्यू विरळाच सापडणार!

जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ हे अमेरिकन ऑडिओ मासिक काढलं. आज त्यात भरपूर जाहिराती असतात, पण शब्दांसोबत मोजमापंही छापतात, आणि खरा माल तिथेच आहे. लेखात ‘चालवायला सोपा’ म्हटलेल्या स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध; तो जितका कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर ताण जास्त) आलेखात ३ ओमच्या खाली घसरलेला दिसला, तर आलेखाचं ऐका. लहान अ‍ॅम्प्लिफायर तिथे धापा टाकेल.

आणि पूर्वग्रहाला पैसाच लागतो असं थोडंच आहे? दोनपैकी एक अ‍ॅम्प्लिफायर अर्ध्या-एक डेसिबलने मोठा वाजला, की कानाला तो मोठा नाही, सरस वाटतो. किंमत आधी कळली की प्रामाणिक माणूसही फसतो. आवाजाची पातळी जुळवून, यंत्राचं नाव झाकून ऐकलं होतं का, हे रिव्ह्यूत क्वचितच लिहिलेलं असतं.