समुद्राचा सर्व्हे नंबर काय?

रविवार, म्हणून सकाळी बांगडे आणायला गेलो होतो. रांगेत उभा असताना शाळेच्या ग्रुपवर एकाने बातमी टाकली: तमिळनाडूच्या मच्छीमारांचा समुद्रातल्या पवनचक्क्यांना विरोध. खाली त्याचीच शेरेबाजी, "ह्या लोकांना विकास नकोच." लिहिणारा कोण, तर रविवारी बांगड्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही तो!

डोकंच फिरलं. तिथे बोललो तर भांडण होईल, म्हणून इथे लिहितोय.

जून २०२४ मध्ये केंद्राने ह्या समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी ७४५३ कोटी मंजूर केले. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात पाचपाचशे मेगावॅट. ठीक आहे. मला मात्र काका आठवले. त्यांच्या भाताच्या शेतात विजेचा टॉवर यायचा होता तेव्हा एका कचेरीतून कागद आला. आम्ही कर्नाटकातले, बेळगावकडचे मराठी, आणि कागद अख्खा कन्नडमध्ये. रेशनकार्डाच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवलेला. मला दाखवताना बोट एकाच जागी, "एवढा आपला सर्व्हे नंबर हाय बघ. बाकी काय लिवलंय की." मीही मराठी शाळेतला. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं, हरकतीची मुदत चार दिवसांपूर्वीच संपलेली.

काकांना निदान नंबर तरी होता! समुद्राला कुठला उतारा? आजा-पणजापासून जाळं टाकलं तरी ते पाणी कुणाच्या नावावर चढत नाही. काम चालू असताना तिकडे होडी नेऊ देणार नाहीत, तळाला केबल. जाळं अडकून फाटलं तर ते कुणाच्या टेबलावर नेऊन आपटायचं? आणि हे विचारणाऱ्यांना नावं कोण ठेवतंय, तर हलगा-मच्छे बायपासला उभ्या पिकात जेसीबी घुसले तेव्हा हळहळलेले आपण बेळगावकर!

हो, कोळशावर जन्म निघणार नाही, मान्य. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाताना डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसल्या की माझी पोरगी टाळ्या पिटते, मीही गाडी थांबवतो. वाऱ्याशी कुणाचं वैर आहे?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तो दोस्त तसा वाईट नाही. काकांच्या कागदापायी त्या कचेरीत माझ्याबरोबर दोन खेपा त्यानेच घातल्या होत्या. विसरला असेल.

टॉवर उभा राहिला. काका आता त्याच्या पायाला म्हैस बांधतात. दुपारी जेवताना त्यांना हे मच्छीमारांचं सांगितलं. बांगड्याचा काटा काढत म्हणाले, "त्यास्नी कागद कुठल्या भाषेत आला रे?"