कुटच्या वेढ्याबद्दल आलेल्या एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

पहिल्या महायुद्धात गेलेल्या तुमच्या पणजोबांच्या नोंदी आम्ही शोधून दिल्या, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू परवा वाचला. आठ महिने लावले आणि हातात दोन कागद ठेवले, ही तुमची पहिली तक्रार. पणजोबा आजच्या इराकमधल्या कुट गावाच्या वेढ्यात होते असं घरात सगळे लहानपणापासून ऐकत आलेले असताना आम्ही तुम्हालाच खोटं पाडलं, ही दुसरी. शिवाय लाखो सैनिकांच्या नोंदी नेटवर फुकट मिळत असताना पैसे कशाचे घेतले, असंही विचारलंत.

आधी माझी चूक. मधले तीन महिने मी तुम्हाला एकही फोन केला नाही. लंडनहून प्रती यायला वेळ लागत होता, पण तेवढं कळवायला काहीच हरकत नव्हती. आणि शेवटी ‘कुट जुळत नाही’ हे मी तुमच्या वडिलांना फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो. आयुष्यभर जपलेली गोष्ट अशी सांगायची नसते. त्यांची माफी मागायला मी स्वतः घरी येईन.

निष्कर्ष मात्र बदलणार नाही. मेडलचा फोटो तुम्हीच रिव्ह्यूला जोडलाय, म्हणून त्याबद्दल इथे बोलतो. वडिलांनी ते पांढऱ्या रुमालात बांधून आणलं होतं. चांदीचं, राजाचा चेहरा जवळपास सपाट झालेला. दर खंडेनवमीला रांगोळीने घासून पूजेत ठेवतो, म्हणाले. त्या घासण्यात कडेवरच्या नंबरातला मधला आकडा गेलाय. एक की सात, ते भिंगाखालीही ठरत नाही. पुढचं मात्र स्वच्छ वाचता येतं: सेपॉय म्हणजे शिपाई, नाव, आणि ११४ मराठाज, म्हणजे त्यांची पलटण.

कुटला ७ डिसेंबर १९१५ ला तुर्की फौजेचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचे जनरल टाउनशेंड शरण गेले. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. ११४ नव्हती. आता दुसरं बघा. तुमच्याकडे दोनच मेडलं आहेत, एक चांदीचं, एक ब्राँझचं. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो रणभूमीवर पोचला त्याला १९१४-१५ चा स्टार हे तिसरं मेडलही मिळायचं, आणि वेढ्यात अडकलेले शिपाई त्या तारखेच्या आधीच तिथे होते. तो स्टार घरात कधी पाहिला नाही, असं वडील सांगतात. स्टार हरवू शकतो. माणसं एका पलटणीतून दुसरीत धाडली जायची, तेही खरं. म्हणूनच अहवालात ‘शक्यता फार कमी’ असं लिहिलंय. ‘खोटं’ हा शब्द मी वापरलेला नाही. पण कुटमध्ये माणसं उपाशी राहिली, सुमारे १३ हजार कैद झाले आणि त्यांतले कितीतरी वाळवंटातून चालवत नेताना आणि नंतर कैदेत मरण पावले. त्या यादीत पुराव्याशिवाय एकही नाव घालायला माझा हात धजत नाही.

ते दोन कागद म्हणजे ११४ च्या युद्धदैनंदिनीतली ऑक्टोबर १९१८ ची पानं. २३ ते ३० ऑक्टोबर, शरकात नावाचं ठिकाण, टायग्रिस नदीच्या काठी, मोसुलच्या दक्षिणेला. मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकमधली, ही शेवटची मोठी लढाई. तिच्या अखेरीस समोरची तुर्की फौज शरण आली आणि ३० तारखेलाच मुद्रोस बंदरात तुर्कस्तानशी युद्धविरामावर सह्या झाल्या. दैनंदिनीत शिपायांची नावं सहसा येत नाहीत, पलटण रोज कुठे होती ते कळतं. पणजोबांची पलटण तिथे होती. हे मी अहवालात इंग्रजीत, संक्षेपांनी भरलेल्या एका परिच्छेदात कोंबलं. घरी कुणाला वाचून दाखवता येईल असं ते नव्हतंच. सगळा अहवाल मराठीत नव्याने लिहून देतो.

नेटवरच्या नोंदींबद्दल. पेपरात आलेल्या त्या ३ लाख २० हजार नोंदी लाहोरच्या संग्रहालयातल्या, पंजाबातल्या सैनिकांच्या. आपला मुंबई इलाखा त्यात नाही. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी खरोखर फुकट आहे, आणि ती स्वतः चाळा असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण ती फक्त मृतांची, ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात गेलेल्यांची. पणजोबा परत आले. तुमचे आजोबा त्यानंतर जन्मले. पणजोबांचं नाव तिथे सापडणार नाही.

आता एक गोष्ट, जी मी अहवालात घ्यायला हवी होती. त्या फोनवर वडील शेवटी पणजोबांबद्दल म्हणाले, ‘अहो, त्यांचा थोरला भाऊ गेला तो परत आलाच नाही.’ मी ते नुसतं ऐकून घेतलं. रिव्ह्यू वाचल्यापासून तेच वाक्य डोक्यात आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत त्या युद्धातले ‘बसरा’ आणि ‘कुट’ हे दोनच शब्द उरलेले असतात, आणि दोन भावांची हकिगत तिसऱ्या पिढीत एकाच्या नावावर जमा झालेली मी पाहिली आहे. कुट त्या थोरल्या भावाचं असू शकेल. हा अंदाज आहे, त्याहून जास्त काही नाही.

त्या मोहिमेत गेलेल्यांसाठी इराकमध्ये बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आहे. कमिशनच्या नोंदवहीत मात्र नावं आहेत, अनेकदा वडिलांचं नाव, गाव आणि तालुक्यासकट. स्पेलिंगची फार गंमत असते. ज्ञानू कधी डी खाली सापडतो, कधी जी खाली. म्हणून मला थोरल्या भावाचं घरात हाक मारायचं नाव, पाळण्यातलं नाव आणि गावाचं जुनं नाव, तिन्ही हवीत. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणींची यादी मी ओळ न ओळ बघेन. याची फी घेणार नाही. वडिलांना बोलायला बरं वाटेल तेव्हा कळवा, मी वही घेऊन येतो.