हाय पॉवर हे नाव आणि मॅगझिनची ती सोय : सुभेदार साहेबांना उत्तर

सुभेदार साहेब, जय हिंद.

बेल्जियमच्या एफएन या शस्त्र कंपनीच्या नव्या हाय पॉवर पिस्तुलावर मी लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही. जुन्या हाय पॉवरवरूनच आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यात बनलेलं ‘पिस्टल ऑटो ९ एमएम १ए’ तुम्ही २२ वर्षं कमरेला बांधलंत. त्यातला एकही भाग या नव्या पिस्तुलाला बसत नाही, मग त्याला हाय पॉवर का म्हणायचं, हा तुमचा पहिला आक्षेप. मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढलं की चाप निकामी व्हायचा, ती सोय कंपनीने काढली आणि मी तिचं कौतुक केलं, हा दुसरा. ‘टेक्सासात हौसेने गोळ्या झाडणाऱ्याला काय कळणार’ असंही तुम्ही लिहिलंय. त्याचा राग नाही. आपल्याकडे ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही, इथे मिळतं, म्हणून ते माझ्या हाती आलं. मी शनिवारी रेंजवर कागदाला भोकं पाडतो. तुम्ही ते नोकरीत बाळगलंत.

आधी दुसऱ्या आक्षेपाबद्दल, कारण तिथे मी माझ्या मतावर ठाम आहे.

ती सोय मुळात आली कुठून? फ्रेंच सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं आणि त्यांच्या अटींमध्ये ही एक होती. या पिस्तुलाचं काम सुरू करणारे जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममधल्या लीएजला, एफएनच्या कारखान्यातच वारले. त्यांच्या १९२३ च्या पेटंट अर्जातल्या पिस्तुलाला तर बाहेर घोडाही (हॅमर) नव्हता. पुढचं काम एफएनच्याच द्यूदोने सेव्ह यांनी केलं. दोन रांगांत राउंड (गोळ्या) भरणारं मॅगझिन त्यांचंच. १९२८ मध्ये अमेरिकेच्या कोल्ट कंपनीकडची जुनी पेटंटं संपल्यावर तिच्या ‘१९११’ नावाच्या पिस्तुलातल्या चांगल्या गोष्टीही त्यांनी यात आणल्या. १९३५ साली बेल्जियमने ते स्वीकारलं. फ्रेंचांनी मात्र शेवटी दुसरंच पिस्तूल घेतलं. गिऱ्हाईक निघून गेलं आणि त्याने घातलेली अट तेवढी पिस्तुलात राहिली, ती पुढची ऐंशी वर्षं.

तिची किंमत बोटाला मोजावी लागते. चापाला जोडलेला एक छोटा दांडा मॅगझिनच्या पुढच्या अंगावर घासत राहतो. त्यामुळे चाप खरखरीत आणि जड लागतो. बटण दाबलं तरी मॅगझिन आपणहून खाली पडत नाही, ओढून काढावं लागतं. तुमच्या हाताला याची इतकी सवय झाली असेल की हा दोष आहे असं कधी वाटलंही नसेल.

आणि सुरक्षा? मॅगझिन काढा, स्लाईड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढा, चेंबर (राउंड बसायची जागा) डोळ्यांनी बघा, अंधार असेल तर बोट घालून बघा. हे तुम्ही किती जवानांकडून घोकून घेतलं असेल! ज्याला हे येतं त्याला त्या दांड्याची गरज नाही. ज्याला येत नाही तो ‘मॅगझिन काढलं, झालं’ असं समजायला शिकतो, आणि उद्या दुसरं कुठलं पिस्तूल हातात आलं की चेंबरमधला राउंड सुटतो. म्हणून ती सोय गेली याचा मला खरोखर आनंद आहे. इथे मी माघार घेणार नाही.

आता नावाचं. इथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं.

जुन्या हाय पॉवरचं उत्पादन २०१८ च्या सुमारास थांबलं. २०२१ मध्ये स्प्रिंगफील्ड या अमेरिकन कंपनीने त्याच धर्तीवर एसए-३५ हे पिस्तूल आणलं. तेव्हाची किंमत ६९९ डॉलर, १५ राउंड. जुनी मॅगझिनं त्यात चालतात. दांडा त्यांनीही काढला. मोठ्या पंजाच्या माणसाला घोडा चावायचा, म्हणून घोड्याचा आकार बदलला. वजन साधारण ९०० ग्रॅम. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं एफएनचं नवं पिस्तूल १७ राउंडचं, तेव्हा १,२६९ डॉलरचं आणि सव्वा अकराशे ग्रॅमच्या आसपास. स्लाईड अडवणारा खटका दोन्ही बाजूंना आहे, डावखुऱ्यांची सोय झाली. पण दिवसभर कमरेला बांधणाऱ्याला पाव किलो किती जाणवतं हे मी तुम्हाला काय सांगू. जुनं मॅगझिन त्याला बसत नाही. ते उत्तम, मऊ चालणारं पिस्तूल आहे, पण जुन्याची पुढची आवृत्ती ते नव्हे. जो वंश टोरांटोच्या इंग्लिस कारखान्यातून इशापूरला आणि तिथून तुमच्या होल्स्टरमध्ये आला, त्याचा वारसा आज एसए-३५ कडे जास्त आहे. नावाची मालकी भले एफएनकडे असेल.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर सेव्ह इंग्लंडला गेले. युद्धानंतर त्यांनी एफएनसाठी फाल रायफल घडवली. आपली इशापूरची एसएलआर रायफल तिच्याच घराण्यातली. तुमच्या वयाच्या फौजी माणसाने खांद्यावर एसएलआर आणि कमरेला १ए वागवलं असेल, तर दोन्हींमागे हात एकाच माणसाचा.

मूळ लेखात ‘हाय पॉवर परत आलं’ असं मी म्हटलं होतं. ते वाक्य काढून ‘एफएनने हाय पॉवर नावाने नवं पिस्तूल आणलं’ असं केलंय. चापाबद्दलचा परिच्छेद तसाच ठेवलाय. १ए चा चाप तुम्हाला कधी जड वाटला का, आणि फायरिंगच्या वेळी नव्या जवानांच्या गोळ्या त्यामुळे खाली जायच्या का, हे सवडीने लिहा. ते मला इथे बसून कळणार नाही.