सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे किडनी वाचली?

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि गावाकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: व्हॅस्क्युलायटिसच्या पेशंटने किडनीत सुई टोचून घेऊ नये, बायोप्सीने किडनी कायमची जाते. आता सोनोग्राफी, एमआरआय, पेट स्कॅनमध्ये सगळं दिसतं. सोनोग्राफी नॉर्मल आली तर तीन महिन्यांनी पुन्हा करा, तोवर औषध घेऊ नका. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसतो, त्यामुळे गप्प राहवलं नाही.

आधी सोनोग्राफी. व्हॅस्क्युलायटिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. त्यातला एएनसीए (रक्तात सापडणारी एक उलटलेली अँटिबॉडी) या नावाने ओळखला जाणारा प्रकार बारीक वाहिन्यांना धरतो आणि किडनीत घुसला की ग्लोमेरुलस फोडतो. ग्लोमेरुलस म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुंते. एका किडनीत ते दहा लाखांच्या आसपास असतात, एकेकाची रुंदी जेमतेम ०.२ मिलिमीटर. पोटाच्या सोनोग्राफीत एवढं बारीक दिसत नाही. पांडवलेणीवरून शहराकडे बघून कुणाच्या घरातला नळ गळतोय ते सांगण्यातला हा प्रकार. सोनोग्राफी किडनीचा आकार, खडा, लघवी तुंबून आलेली सूज चोख दाखवते. पण आजार जोरात असतानाही रिपोर्टवर ‘साइज नॉर्मल’ येऊ शकतं. उलट ‘ग्रेड वन चेंजेस’ (किडनी जरा जास्त उजळ दिसते) लिहून आलं तरी ते शुगर, बीपी, कशानेही असू शकतं.

पेट स्कॅनची गंमत वेगळीच. त्यात टोचलेली किरणोत्सारी साखर लघवीवाटेच बाहेर पडते, म्हणून धडधाकट माणसाची किडनीसुद्धा स्कॅनमध्ये चमकते. त्या उजेडात ग्लोमेरुलसची जळजळ वेगळी कशी काढणार? एमआरआयच्या नव्या तंत्रांवर संशोधन चालू आहे, पण आज त्यांच्या भरवशावर कुणी उपचार ठरवत नाही.

मेसेजमध्ये एक धागा मात्र खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. ताकायासू आजार मोठ्या वाहिन्यांचा. त्यात किडनीची मुख्य धमनीच अरुंद होते, तरुण मुलीचं बीपी अचानक चढतं. तिथे डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्रण) हीच कामाची, बायोप्सीने हाती काही लागत नाही. पॉलीआर्टरायटिस नोडोसा या मधल्या आकाराच्या वाहिन्यांच्या आजारात तर किडनीतल्या धमन्यांना बारीक फुगे येतात. तिथे आंधळेपणाने सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी अँजिओग्राफी. म्हणजे वाहिनी केवढी, त्यावर तपासणी ठरते. मेसेजवाल्याने सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं.

आणि सुई न टोचता किडनीचा सुगावा लागायलाच हवा असेल, तर त्याची सगळ्यात स्वस्त तपासणी या मेसेजमध्ये नावालाही नाही. ती म्हणजे लघवी! यंत्रात गरगर फिरवून (सेंट्रिफ्यूज करून) खाली बसलेला गाळ काचेवर घेतला की किडनीतून आलेल्या लाल पेशी ओळखू येतात. त्या वेड्यावाकड्या होतात, काहींना कानासारखे फुगवटे फुटतात. लाल पेशींचे दंडगोल साचे दिसले तर रक्त ग्लोमेरुलसमधून येतंय हे जवळपास नक्की. ही खूण रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) वाढण्याआधी दिसू शकते, कारण किडनीचं निम्मं काम जाईपर्यंत क्रिएटिनिन बऱ्याचदा हद्दीतच राहतं. अट एकच: लघवी ताजी हवी, दीड-दोन तासांतली. दिंडोरी-निफाडहून सकाळी घेतलेली बाटली उन्हातून दुपारी पोचली तर साचे विरघळलेले असतात. नुसत्या पट्टीवर काढलेल्या ‘युरिन रुटीन’मध्येही ते येत नाहीत. म्हणून लॅबला स्पष्ट सांगा, गाळ मायक्रोस्कोपखाली बघा. सोबत प्रोटीन, क्रिएटिनिन आणि एएनसीएची रक्ततपासणी.

आता ‘बायोप्सीने किडनी जाते’ याबद्दल. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात आणि दोऱ्यासारखे दोन-तीन तुकडे काढतात. त्यात लाखांपैकी दहा-वीस, फार तर चाळीस ग्लोमेरुलस येतात. धोका आहेच. काहींना लघवीतून रक्त जातं, क्वचित रक्त चढवावं लागतं, म्हणून बीपी आटोक्यात हवं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा थांबवायच्या. पण किती ग्लोमेरुलस ताजे पेटलेत आणि किती कायमचे वाळलेत, हे त्या तुकड्यांशिवाय कळत नाही. औषध किती जोरात चालवायचं, याला त्याचा मोठा आधार असतो.

सगळ्यात घातक ओळ शेवटची. एएनसीएचा हा आजार काही दिवसांत, काही आठवड्यांत किडनी बसवू शकतो. तीन महिने थांबून जी सोनोग्राफी कराल, तिच्यात आक्रसलेली किडनी दिसेलही, पण तोवर डायलिसिसची वेळ आलेली असेल. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात तर लक्षणं जुळत असतील आणि एएनसीए पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सीसाठीही उपचार अडवू नका असं म्हटलंय. स्टेरॉइडसोबत रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड ही नेहमीची औषधं. तेव्हा नाकातून वारंवार रक्त, खोकल्यातून रक्त, पायांवर जांभळे ठिपके, सांधेदुखी आणि लघवीत रक्त असं एकत्र दिसलं, तर द्राक्षाचा हंगाम उरकायची वाट न बघता त्याच आठवड्यात नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरकडे जा. खोकल्यातून रक्त येत असेल तर त्याच दिवशी.