कृष्णविवर पुरे, पोरांना सावली मोजू द्या!

आठवी-नववीतल्या पोट्ट्याला ‘कृष्णविवर’ हा संशोधनाचा विषय देऊन काय साधतं, ते एकदा कोणीतरी सांगा ना राजेहो! ते पोरगं त्यात मोजणार काय? शेवटी इंटरनेटवरचा उचललेला मजकूर, रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, पहिल्या पानावर ऋणनिर्देश. झालं संशोधन! कृष्णविवर नाही तर विश्वाची उत्पत्ती, तीही नाही तर परग्रहावरची जीवसृष्टी. दरवर्षी हेच.

आणि ती सूर्यमाला! थर्माकोलचे गोळे आणा, रंगवा, तारेला टोचा. सूर्य १० सेंटिमीटरचा घेतला तर पृथ्वी जेमतेम ०.९ मिलिमीटरची, म्हणजे खसखशीचा दाणा, आणि तोही पावणेअकरा मीटर लांब. नेपच्यून सव्वातीनशे मीटरवर, शाळेच्या फाटकाबाहेर. पोरांनी हे गणित करून दाणे मैदानात मांडले तर तो खरा प्रकल्प. पण प्रदर्शनाच्या टेबलावर ते मावत नाही ना, मग गुण कसे देणार?

एखादी पोरगी ‘काठीच्या सावलीवरून नागपूरचा अक्षांश’ असा विषय घेऊन गेली की उत्तर ठरलेलं: “फारच सोपं आहे गं, काहीतरी मोठं घे.” सोपं? करून बघा मग एकदा. एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करायची. ती उत्तर-दक्षिण दिशेत एक अंश कलली की अक्षांशही जवळपास एक अंशापर्यंत चुकू शकतो. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, नागपूर थेट छिंदवाड्याच्या पलीकडे! सूर्याची चकती अर्ध्या अंशाची, म्हणून सावलीचं टोक कधीच रेखीव नसतं. डिसेंबरात जवळपास दोन सेंटिमीटरची कड धूसर असते. टोक नेमकं कुठे धरायचं? त्यावर उपाय म्हणजे काठीच्या माथ्यावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवायचा, जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मोजायचा आणि काठीची उंची भोकापर्यंत धरायची. यातलं किती जणांना माहीत आहे?

बरं, बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असंही नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, नागपूर ७९.१ वर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली मध्यान्ह ११:५७ च्या सुमारास होते, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:२८ ला. म्हणून ११:४० ते १२:४५ दर पाच मिनिटांनी खूण करायची. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी जवळजवळ बदलतच नाही. त्यामुळे अक्षांश चांगला निघतो, पण दिशा नाही. दिशेसाठी काठीभोवती वर्तुळ काढून सकाळ-दुपारच्या सारख्या लांबीच्या दोन सावल्यांमधला कोन दुभागावा लागतो. मोबाइलचं होकायंत्र गच्चीवर लावू नका, स्लॅबमधल्या सळया त्याला फिरवतात.

उत्तरं मात्र काय सुंदर येतात! २३ सप्टेंबरच्या सुमारास मीटरभर काठीची सावली ३८.७ सेंटिमीटर, २१-२२ डिसेंबरला ९८.६. २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो आणि चार सेंटिमीटरची सावली चक्क दक्षिणेला पडते. हे मुंबईकडच्या पोरांना दिसत नाही का? दिसतं, आपल्याहून जास्त दिसतं, पण तिथे जूनमध्ये ऊन तरी असतं का? हैदराबादला मामा-मावशी असेल तर त्यांना त्याच दिवशी काठी उभारायला सांगा. ते शहर जवळपास आपल्याच रेखांशावर, पावणेचार अंश दक्षिणेला. काठी आणि सावलीवरून निघणाऱ्या दोघांच्या कोनातला फरक आणि नकाशावरचं सरळ उत्तर-दक्षिण अंतर, सुमारे ४२० किलोमीटर, एवढ्यावर पृथ्वीचा परीघ निघतो. रस्त्याचं अंतर घातलंत की पृथ्वी फुगलीच म्हणून समजा.

वेळापत्रकाचा तर वेगळाच संताप. विषय द्यायचा ऐन पावसाळ्यात, अहवाल मागायचा दिवाळीच्या सुट्टीआधी. मग आकाश बघायचं कधी, ढगांतून? इथलं आकाश नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं. मृग नक्षत्रातले तारे शहराच्या मध्यातल्या बर्डीवरून किती दिसतात आणि उमरेड रोडवर शहराबाहेर किती, ही मोजणी अमावास्येच्या आठवड्यात, वीस मिनिटं अंधारात डोळे रुळवून, जानेवारीत मस्त होते. तोवर शाळेत बक्षिसं वाटून मोकळे! मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येऊन काठीची सावलीच नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस तरी साधावा, तर तो येतो २६ मेच्या सुमाराला, भर सुट्टीत. दुसरा जुलैच्या मध्यावर, झडीत.

त्यातूनही एखाद्या पोराने दोन महिने नोंदी ठेवल्याच, तर वहीत ‘ढगाळ, नोंद नाही’ असं लिहिलेल्या पानांवर लाल पेनाने ‘अपूर्ण’. काहून बाप्पा? ती पानं खरी आहेत म्हणूनच तशी आहेत. त्याचा अक्षांश २०.८ आला, २१.४ आला, चूक कशाने आली हे त्याने लिहिलं, तर त्याचे गुण कापता. आणि ज्या वहीत रोज लख्ख ऊन आहे, रोज उत्तर बरोब्बर २१.१५, तिला पहिला नंबर! अहो, त्या पोराला फक्त एवढंच विचारा, काठी कुठे उभी केली होती?